अलकापुरीतला तात्या विंचू



बडोद्याच्या मराठी घरांच्या आठवणी लिहायच्या म्हटलं की सयाजीराव महाराज, दांडिया बाजार, गणपती हे सगळं येणारच. पण १९९३ पासून आपल्या घरांत ठाण मांडून बसलेल्या एका बाहुल्याचंही नाव त्यात यायला हवं. तात्या विंचू!

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' त्या वर्षी आला. गोष्ट साधी. पोलिसांच्या गोळीने मरायला टेकलेला गुंड मृत्युंजय मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला येतो बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या भोळ्या लक्ष्याच्या घरी. कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली. पण तिथला बाहुला म्हणजे कारखान्यात बनलेलं खेळणं. आपला तात्या आला तो घरंदाज परंपरेतून. यशवंत पाध्ये यांनी बोलक्या बाहुल्यांची कला मराठी माणसाला दाखवली, त्यांचा अर्धवटराव घराघरांत पोचला. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तात्याचा बाहुला घडवला. आवाज दिलीप प्रभावळकरांचा.

पडद्यावरच्या जादूशी बडोद्याचं नातं तर त्याहून जुनं. दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले. पुढे 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) मधून त्यांनी लोकांना चमत्कार दाखवले. तीही हातांनी केलेली करामतच होती.

आम्ही दांडिया बाजारातून स्टेशनपलीकडे अलकापुरीत राहायला आलो आणि शेजार पार बदलला. जिन्यात गुजराती, शाळेत इंग्रजी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि देवापुढे. तेव्हा व्हिडिओ लायब्ररीतून 'झपाटलेला'ची कॅसेट आणायचो. मुलगा उशीत तोंड खुपसून एका डोळ्याने बघायचा. आई म्हणायची, "अरे, भीती वाटते तर बघतोस कशाला?" आणि स्वतः हसून हसून पदराने डोळे पुसायची.

आता नातू बघतो. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले, हे पोर त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेलं. एरवी मराठीत बोल म्हटलं की गप्प. पण रविवारी हमखास, "आजोबा, तो ढिंगला लावा ने!" मी म्हणतो, आधी 'बाहुला' म्हण. म्हणतो बापडा. आणि परवा मध्येच विचारलं, "लक्ष्याचं कोणी ऐकत का नाही?" अख्खं वाक्य मराठीत!

मला वाटतं, हा चित्रपट टिकलाय तो याच प्रश्नावर. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जीव तोडून सांगतो, पण लोक त्यालाच वेडा ठरवतात. मोठी माणसं आपलं ऐकत नाहीत, हे तर प्रत्येक लहान मुलाचं दुखणं. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' थ्रीडीत आला, तरी आमच्याकडे फर्माईश असते ती पहिल्याचीच.

श्लोक झाले, गोष्टींची पुस्तकं झाली, सगळं करून पाहिलं. तात्या काही व्याकरण शिकवणार नाही, ते आपल्यालाच करायचंय. पण पोराला मराठीत घाबरवायचं आणि मराठीत हसवायचं काम तो तीस वर्षं बिनपगारी करतोय.

तुमच्या घरी तात्या कितव्या पिढीपर्यंत पोचलाय? जरूर लिहा.