मावळातील एक दिवस : गड, भाकरी आणि पाणी

श्रोतेहो, प्रवासाची सुखे मुख्यतः दोन. एक डोळ्यांचे आणि दुसरे जिभेचे. इतिहासकार पहिल्याला मान देतात आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतात. जपानी लोकांनी मात्र ही दोन्ही सुखे एकाच पंक्तीस बसविली. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो या नगरांना जोडणाऱ्या तोकाइदो नावाच्या जुन्या राजमार्गावर ५३ ठाणी होती. त्यांतील कित्येक ठाणी तेथील एखाद्या खास पदार्थासाठी नावाजलेली होती. एकोणिसाव्या शतकात हिरोशिगे या चित्रकाराने या ठाण्यांची चित्रमाला काढली. तीत मारिको या ठाण्याची ओळख म्हणून त्याने किल्ला किंवा देऊळ रंगविले नाही. किसलेल्या रानकंदाचे सार विकणारे रस्त्याकडेचे एक लहानसे उपाहारगृह रंगविले. त्याच देशात सरदाराची योग्यता त्याच्या मुलखात किती ‘कोकू’ तांदूळ पिकतो यावरून ठरे, आणि एक कोकू म्हणजे ढोबळ मानाने एका माणसास वर्षभर पुरेल इतका तांदूळ. तटबंदी कितीही उंच असली तरी तिची खरी उंची भाताच्या खाचरात मोजली जात असे.

हे माप हाती घेऊन आज आपण पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांत एक दिवस हिंडू. वेल्हे तालुक्यास राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. हा सारा मुलूख म्हणजे जुने गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे आणि हिरडस मावळ. या नावांचा उच्चार होताच आपल्या मनात तलवारी खणखणू लागतात. परंतु हा प्रदेश कोणी कोणास पोसले, या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिला, तर त्याचा इतिहास काही निराळाच दिसतो.

सकाळी पुणे-सातारा रस्त्याने नसरापूर गाठावे आणि तेथून मार्गासनी, साखर या गावांवरून गुंजवण्यास जावे. पावसाळा असेल तर दोन्ही अंगांस भाताची खाचरे पाण्याने काठोकाठ भरलेली दिसतात, आणि वरच्या उतारांवर नाचणी व वरी. खाली भात आणि वर नाचणी ही येथील शेतीची जुनी वाटणी आहे. भात विकावयाचा किंवा सणासुदीस रांधावयाचा, आणि रोजची भाकरी नाचणीची, असा गरीब मावळकराचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्या मावळ्यांच्या पायांच्या चपळाईचे आपण पोवाडे गातो, त्या पायांत बळ या काळ्या भाकरीचे होते.

गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगड चढावयास दोन-अडीच तास लागतात. तोरणा हाती आल्यावर, म्हणजे १६४६ च्या सुमारानंतर, शिवाजी महाराजांनी मुरुंबदेवाच्या या डोंगरावर बांधकाम आरंभिले आणि पुढे सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार येथून चालविला. १६५९ साली महाराणी सईबाईंनी येथेच देह ठेविला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले, तेव्हा राखलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आणि तोरणा होते. १६६६ साली आग्र्याहून सुटून महाराज आले तेही याच गडावर, आणि १६७० साली राजाराम महाराजांचा जन्म झाला तोही येथेच. २०२५ साली ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांतही राजगड आहे.

गड पाहणारा बहुधा सुवेळा माचीचे नेढे पाहतो, संजीवनी माचीच्या दुहेरी तटाचे कौतुक करतो आणि बालेकिल्ल्याच्या कड्यावर जपून पाऊल टाकतो. ते योग्यच आहे. तथापि पद्मावती माचीवर आल्यावर त्याने दोन गोष्टींपाशी अधिक थांबावे. एक पद्मावतीचा तलाव आणि दुसरे अंबारखान्याचे अवशेष. तट शत्रूला थोपवितो; परंतु वेढा पडल्यावर गड किती दिवस झुंजेल हे तट सांगत नाही, तळे आणि कोठार सांगते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, आणि असले तरी एका झऱ्यावर विसंबू नये, असा त्याचा आशय आहे. बालेकिल्ल्याच्या माथ्यावरचे चंद्रतळे पाहिले म्हणजे हा उपदेश अनुभवातून आलेला आहे याची खात्री पटते.

कोठारात धान्य कोठून येई? ते पायथ्याच्या खाचरांतून येई. गडाला गाव पोशी आणि गावाला गड राखी, असा हा व्यवहार होता. तो न्यायाने चालावा याची महाराजांना किती काळजी होती, हे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रावरून दिसते. दाणा, भाजी, गवत जे लागेल ते बाजारात पैसे मोजून घ्यावे, रयतेकडून ओरबाडू नये, अशी त्यात सक्त ताकीद आहे. मोठ्या विजयांच्या तारखा आपणांस मुखोद्गत असतात. पण भाजीच्या जुडीचा विचार करणारा राजा जगाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

दुपारी खाली उतरावे. गुंजवणे किंवा पाली येथे घरगुती जेवणाची सोय होते. गरम पिठले, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा आणि ताक. पावसाळ्यात नशीब असेल तर कुर्डूची भाजी आणि उन्हाळ्यात पळसाच्या द्रोणात करवंदे. हे जेवण साधे असते, पण जपानातल्या त्या मारिको ठाण्याच्या साराप्रमाणे ते त्या जागेचेच असते. शिवाय येथे एक जुना प्रवाह उलटा फिरलेला दिसतो. पूर्वी या घरांतले धान्य वर गडावर जाई. आता गड पाहावयास आलेल्याचा पैसा खाली या घरांत येतो, आणि बहुतेक वेळा तो चूल सांभाळणाऱ्या बाईच्या हातात पडतो.

तिसऱ्या प्रहरी कापूरहोळवरून भोरकडे वळावे. औरंगजेबाने १७०४ साली राजगड व तोरणा जिंकले. पुढे ते परत मिळविण्यात ज्यांचा हात होता ते शंकराजी नारायण हे भोरच्या पंत सचिव घराण्याचे मूळपुरुष. ताराबाई आणि शाहू या दोन निष्ठांच्या कात्रीत सापडून त्यांनी १७०७ साली प्राण दिला. त्यांची समाधी नागेश्वराच्या देवळाजवळ आंबवडे येथे आहे. त्यांच्या वंशजांचे राज्य ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. नीरेकाठच्या भोर गावातला राजवाडा आज चित्रपटांमुळे अनेकांस ओळखीचा वाटतो.

परंतु भोरच्या वेशीपाशी याहून मोठे एक दृश्य आहे, ते भाटघरचे धरण. वेळवंडी नदीवर इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास पहिले धरण पुरे केले. पुढे १९२८ साली त्याच्या खालच्या अंगास दुसरे, अधिक उंच धरण झाले आणि पहिले त्याच्या पाण्यात बुडाले. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी येथे साठते, आणि ते नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कोरड्या मुलखाकडे जाते. तेथील ऊस आणि तेथील साखर या पाण्याची आहे. ज्यावर हे पाणी उभे आहे ती वेळवंड खोऱ्याची खाचरे होती. कांबरेश्वराचे प्राचीन देऊळ वर्षाचा बहुतेक काळ जलाशयाखाली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते, गावकरी दर्शन घेतात, आणि पावसाबरोबर देव पुन्हा पाण्यात जातो.

आता वेल्ह्याकडे पाहा. आंबी नदीवरचे पानशेत आणि मोसे नदीवरचे वरसगाव ही धरणे याच तालुक्यातली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यास हा तालुका कोठे आहे हे एका सकाळीच कळले. परंतु जे पाणी त्या दिवशी पूर होऊन आले, तेच खोऱ्यातले पाणी आज खडकवासल्यावरून नळाने रोज आपल्या स्वयंपाकघरात येते. भात त्याच पाण्यात शिजतो आणि चहाही त्याचाच होतो. आणि याच दोन तालुक्यांत, जेथे पावसाळ्यात आभाळ फाटते, तेथील डोंगरावरच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते.

श्रोतेहो, सतराव्या शतकात या खोऱ्यांनी गड पोसला, विसाव्या शतकात कालव्याचा मुलूख पोसला, आणि आज ती एक महानगर पोसत आहेत. पहिल्या देण्याबद्दल त्यांना पोवाडे मिळाले. पुढच्या दोन देण्यांची नोंद पाटबंधाऱ्याच्या दप्तरात आहे, लोकांच्या मनात नाही. पुणेकर गृहस्थ राजगडास निघतो तेव्हा आपण पाहुणे म्हणून जातो असे त्यास वाटते. वास्तविक तो या मुलखाचे पाणी रोज पितो. पाहुणा कसला, तो त्या घरचा जुना देणेकरी आहे. चिपळूणच्या छावणीस महाराजांनी केलेला दंडक, जे घ्याल त्याचे मोल द्या, हा त्यालाही तितकाच लागू आहे. तेव्हा पुढच्या खेपेस गुंजवण्याच्या ओसरीवर भाकरीचे पान समोर आले, तर घासाघीस करू नये. आणि गावाला उन्हाळ्यात पाणी किती दिवस पुरते, तेवढे घरधनिणीस अवश्य विचारावे.