वारेतून आलेलं औषध

बाळंतपणानंतर वार पूर्ण पडली की नाही, हे सुईण डोळ्यांत तेल घालून बघायची. मग ती वार परसात खड्डा करून पुरली जायची. आज इस्पितळात ती जैविक कचऱ्याच्या पिशवीत जाते. माणसाच्या याच टाकून दिल्या जाणाऱ्या अवयवातून 1991 साली एक औषध तयार झालं आणि 'याला इलाज नाही' असं ज्या आजाराबद्दल शंभरावर वर्षं सांगितलं जात होतं, त्याचे रुग्ण बरे दिसू लागले. आजाराचं नाव गोशे.

फिलिप गोशे हा पॅरिसमधला वैद्यकाचा विद्यार्थी. 1882 मध्ये त्याने 32 वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत प्रबंधात मांडली. तिची पानथरी अतोनात वाढली होती आणि तिच्यात फुगलेल्या, मोठाल्या पेशी सापडल्या होत्या. गोशेला ती पानथरीची गाठ वाटली. या पेशींत ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा स्निग्ध पदार्थ साचतो, हे कळायला 1934 साल उजाडलं.

आपल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात. जुन्या झाल्या की पानथरी, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि आपल्या लयकारिकांमध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या पचनाच्या पिशव्यांत, त्यांचे तुकडे करतात. गोशेच्या रुग्णात हे काम एका पायरीवर अडतं. पेशींच्या आवरणातला हा स्निग्ध पदार्थ मोडला जात नाही, तो साठत राहतो. पोट पुढे येतं, रक्त कमी होतं, जरा कुठे लागलं की काळंनिळं होतं, हाडं ठणकतात आणि ठिसूळ होतात. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः मात्र ठणठणीत असतात, त्यामुळे घरात कुणाला शंकासुद्धा येत नाही.

पदार्थ साठतो, तो जास्त तयार होतो म्हणून की मोडला जात नाही म्हणून? अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत रॉस्को ब्रेडी यांनी हा साधा प्रश्न लावून धरला. रुग्णांच्या पानथरीच्या ऊतीत हा पदार्थ नेहमीच्याच प्रमाणात तयार होतो, हे त्यांनी आधी दाखवलं. मग किरणोत्सर्गी कार्बनची खूण असलेला पदार्थ वापरून 1960 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी सिद्ध केलं, की तो मोडणारं एन्झाइमच रुग्णांत फार कमी आहे. जे कमी आहे ते बाहेरून द्यावं, हे त्यांनी लगेच, 1966 मध्येच सुचवलं. हातात औषध यायला त्यानंतर 25 वर्षं लागली आणि माझ्या मते या कुळकथेचा खरा ऐवज त्या 25 वर्षांतच आहे.

एन्झाइम माणसाचंच हवं आणि भरपूर हवं. असा कुठला मानवी अवयव रोज, जगभर, कुणालाही इजा न करता मिळतो? उत्तर होतं वार. ब्रेडी यांचे सहकारी पीटर पेन्चेव्ह यांनी वारेतून ते शुद्ध करून दाखवलं. 1974 मध्ये दोन रुग्णांना ते शिरेतून दिलं, तेव्हा यकृतातला साठा उतरला. पुढे जास्त माल मिळावा म्हणून शुद्धीकरणाची रीत बदलली आणि परिणाम डळमळीत झाले. एन्झाइम तेच होतं, पण गुण येईना.

कारण ते चुकीच्या पेशींत जात होतं. यकृतात गेलेलं एन्झाइम तिथल्या नेहमीच्या पेशीच उचलत होत्या. ज्यांना गरज होती, त्या भक्षक पेशींपर्यंत ते फारसं पोचतच नव्हतं. एन्झाइमच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला मॅनोज नावाची साखर असेल तर भक्षक पेशी तिला ओळखून आत घेतात. पण वारेतल्या एन्झाइमवर हा मॅनोज दुसऱ्या साखरांखाली झाकलेला असतो. म्हणजे पार्सलवर पत्ता होता, फक्त त्यावर दुसरे कागद चिकटलेले होते. ब्रेडी यांच्या गटाने वरच्या साखरा आणखी तीन एन्झाइमांनी एकेक करून छाटल्या आणि मॅनोज उघडा केला. नवं रसायन शोधलं नाही, निसर्गाने बनवलेलं एन्झाइम योग्य दारी पाठवलं. मला ही छाटणी या साऱ्या कथेतली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते.

तरीही 1980 च्या दशकातली पहिली चाचणी जवळजवळ फसली. आठ रुग्णांपैकी एकालाच स्पष्ट गुण आला, एका लहान मुलाला. त्याचंच एन्झाइम चांगलं होतं का? नाही. सगळ्यांना मात्रा सारखीच होती आणि त्याचं वजन सर्वांत कमी होतं. वजनाच्या मानाने पुरेसं औषध फक्त त्यालाच मिळालं होतं. हे ध्यानात आल्यावर बारा रुग्णांची नवी चाचणी वाढीव मात्रेने झाली आणि बाराही जणांचं रक्त सुधारलं, पानथरी आक्रसली. सात अपयशांकडे पाहून काम गुंडाळणं सोपं होतं. त्या एका मुलाला गुण का आला, हे विचारणारी माणसं तिथे होती, म्हणून आज हे औषध आहे.

बॉस्टनच्या जेन्झाइम कंपनीने ते बाजारात आणलं. दुर्मीळ आजारांच्या औषधांना सात वर्षांची मक्तेदारी देणारा 1983 चा अमेरिकी कायदा तिच्या पाठीशी होता. वारा येत होत्या फ्रान्समधून. लियाँची मेरिअ संस्था रक्तातल्या प्रथिनांच्या औषधांसाठी त्या देशोदेशींहून गोळा करतच होती. एका प्रौढ रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला सुमारे 20 हजार वारा लागत. हे फार काळ चालणं शक्य नव्हतं. 1994 मध्ये चिनी हॅमस्टरच्या पेशींत मानवी जनुक घालून बनवलेलं एन्झाइम आलं, 2012 मध्ये गाजराच्या पेशींत बनवलेलं. 2009 मध्ये मात्र जेन्झाइमच्या कारखान्यात विषाणू शिरला, उत्पादन थांबलं आणि जगभरच्या रुग्णांना मात्रा कमी करावी लागली. एकाच कारखान्यावर जीव टांगलेला असणं म्हणजे काय, ते तेव्हा दिसलं.

याच वाटेने पुढे फॅब्री, पॉम्पे आणि काही म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस आजारांची औषधं आली. मेंदूपर्यंत मात्र हे एन्झाइम पोचत नाही. गोशेच्या ज्या प्रकारांत मज्जासंस्था बिघडते, तिथे ते तेवढ्यापुरतं हतबल आहे.

किंमत पहिल्या दिवसापासून डोळे पांढरे करणारी: सुरुवातीलाच प्रौढ रुग्णाला वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात. त्यामागचं बरंचसं मूळ संशोधन अमेरिकी करदात्यांच्या पैशातून झालं होतं, हे विसरता कामा नये. आपल्याकडे 2021 मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. गोशे त्यात आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्याच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. या धोरणात पुढे रुग्णामागे 50 लाखांपर्यंत मदत ठरली. पण हे औषध सहसा दर दोन आठवड्यांनी, सलाइनमधून, आयुष्यभर घ्यावं लागतं आणि मूल वाढेल तशी मात्रा वाढते. जन्मभराच्या उपचाराला एकरकमी मर्यादा घालणं हा न्याय नव्हे. ती बदलायलाच हवी.

आपल्या माहितीत एखाद्या मुलाचं पोट पानथरीमुळे वाढलेलं असेल, रक्त आणि प्लेटलेट कमी असतील, हाडं दुखत असतील आणि कारण सापडत नसेल, तर पानथरी काढून टाकण्याचा निर्णय होण्याआधी डॉक्टरांना गोशेच्या एन्झाइम तपासणीबद्दल जरूर विचारा. त्यासाठी फक्त रक्ताचा नमुना लागतो.