खरा वेताळ कुठला बे?

आसरा चौकात तुम्ही शेअर रिक्षाची वाट बघत उभे आहात. मे महिना, संध्याकाळचे सहा, आणि ऊन अजून पाठीवरून उतरलेलं नाही. जुळे सोलापूर हे नाव तुम्ही हजारदा घेतलं असेल. जुळ्यातला दुसरा कोण, हा प्रश्न मात्र आज पहिल्यांदाच डोक्यात येतो. तो येतो आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या विझतात, मग दुकानं, मग वरचे मजले. उरतो मुरमाड माळ, चार बाभळी आणि लांबून येणारा गिरणीचा भोंगा.

साल १९८१. स्वप्नात कळतं तसं तुम्हाला एक कळून चुकलंय : इथं तोंड उघडायचं नाही. बोललात की परत.

तुम्ही चालू लागता. विजापूर रोड, सात रस्ता, मग सिटी बस. कंडक्टरला नुसतं बोट दाखवून तिकीट घेता. मुका समजून तो सुटे पैसे हातावर मोजून ठेवतो. पूर्व भागात उतरता तेव्हा घराघरांतून यंत्रमागांची खटखट चालू आहे. उंबऱ्यावर बसलेल्या बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतायत. तेलुगू, कन्नड, मराठी, तिन्ही भाषा एकाच नळावर भांडतायत. कन्ना चौकाच्या अलीकडे एका बोळात रद्दीचं दुकान आहे. दारात तराजू, आत छताला टेकलेले गठ्ठे, आणि मधल्या फरशीवर सुट्टी लागलेली पोरं. पुस्तक घरी न्यायचं तर भाडं जास्त, इथंच बसून वाचायचं तर कमी. त्यामुळं सगळी इथंच.

दोन पोरं पाठीला पाठ लावून बसलीत. एकाच्या हातात मराठी चांदोबा, दुसऱ्याच्या हातात तेलुगू चंदामामा. तुम्ही वाकून बघता. दोघांच्या पानावर एकच चित्र : उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, आजूबाजूला स्मशान, आणि मागं वळूनही न बघणारा राजा. के. सी. शिवशंकरन, म्हणजे चंदामामाचे ‘शंकर’, यांनी ते काढलंय. एका पानावर वेताळ, दुसऱ्यावर बेताळ. लिपी बदलली तरी प्रेताच्या लोंबणाऱ्या हातात फरक नाही. चंदामामा १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मराठी चांदोबा १९५२ साली. सोलापुरात ही भावंडं एकाच गठ्ठ्यात राहतात.

तिसऱ्या पोराला प्रेतात रस नाही. त्याच्याकडे इंद्रजाल कॉमिक्स आहे. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, आणि ली फॉकच्या १९३६ सालच्या ‘फँटम’ला मराठीत नाव मिळालं तेही वेताळच. ज्यानं कुणी ते सुचवलं, त्यानं एका गोऱ्या माणसाच्या अंगात आपल्याकडचं भूत घातलं. बाकी ह्या वेताळात भूत औषधालाही नाही. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, लोकांना वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे. डेंकालीच्या जंगलात कवटीची गुहा, बोटात कवटीची अंगठी, ठोसा बसला की गालावर कवटीचा ठसा. वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. पट्ट्यांची चड्डी घातलेल्याला कुठलं भूत घाबरेल, असं तुम्हाला आज वाटतं. तेव्हा तुम्हीही ती अंगठी जत्रेत शोधत फिरला होतात.

ह्या वेताळाचं १९७७ च्या डिसेंबरात डायना पामरशी लग्न झालं, आणि पाहुण्यांत जादूगार मँड्रेक आणि लोथारही होते. दोघे नायक एकाच मांडवात! पण मँड्रेकही ली फॉकचाच, तेव्हा ही भेट भावकीतलीच.

खरी भेट तुमच्या पायाशी पडलीय. एक इंग्रजी अंक, कव्हर फाडलेला. न खपलेल्या अंकाचं कव्हर तेवढं परत पाठवायचं, अशी अमेरिकेत रीत होती. उरलेलं अंग जायचं रद्दीत. ते इथवर कसं आलं हे दुकानदाराला विचारायची सोय नाही. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय : ‘मार्व्हल प्रीमियर’, अंक २८, फेब्रुवारी १९७६.

तुम्ही उकिडवे बसता. आत चौघे आहेत. सैतानाशी सौदा करून बसलेला मोटरसायकलवाला जॉनी ब्लेझ, ज्याच्या धडावर कवटी जळते. रक्ताच्या आजारावर औषध शोधता शोधता स्वतःच रक्तपिपासू झालेला शास्त्रज्ञ मॉर्बियस. लांडगा होणारा जॅक रसेल. आणि दलदलीतला मुका मॅन-थिंग. जो घाबरतो, तो त्याच्या स्पर्शानं भाजतो. लॉस एंजेलिसमध्ये अचानक एक डोंगर उभा राहतो, त्यावर सोनेरी अंगाचा एक परका उतरतो, आणि हे चौघे तिथं एकमेकांसमोर येतात. दोस्ती वगैरे काही होत नाही. मारामारी होते आणि तो सोनेरी माणूस मरायला टेकतो. मरताना त्याला ह्या सगळ्यांना बरं करायचं असतं, पण तेवढी शक्ती उरलेली नसते. चौघे आपापला शाप घेऊन आपापल्या वाटेनं जातात. बिल मँटलोची ही गोष्ट उण्यापुऱ्या एका अंकात संपते, पण असा शेवट वेताळाच्या लग्नात कुणी वाढला नसता.

हे चौघे इतक्या उशिरा का भेटले, तर त्याआधी त्यांना बंदी होती. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळं पोरं बिघडतात असा गजर केला, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता लिहिली : रक्तपिपासू नकोत, लांडगेमाणसं नकोत, चालती प्रेतं नकोत. १९७१ साली ती सैल झाली. त्याच वर्षी मॉर्बियस आला, पुढच्या वर्षी लांडगा आणि जळती कवटी. चालत्या प्रेतांवरची बंदी मात्र तशीच राहिली. आणि इथं, सोलापुरात, प्रेतात शिरून बोलणारा वेताळ दर महिन्याला पोस्टानं घरी येत होता. आई तो वाचून दाखवत होती, आजी मधूनच चूक काढत होती. त्याला कुणी भयकथा म्हटलं नाही. म्हणतील कशाला? वेताळ भुतांचा राजा, पण गावाच्या शिवेवर शेंदूर फासून बसतो तो राखणदार म्हणून. गोव्यात लोलयेला, पैंगीणला तर तो चक्क देव आहे. अर्धा भयाचा आणि अर्धा भरवशाचा नायक अमेरिकेला १९७१ नंतर सापडला. आपल्याकडे त्याला नारळ फोडत होते.

“ए, खरा वेताळ कुठला बे?” तेलुगू चंदामामावाला विचारतो.

“हा की,” इंद्रजालवाला म्हणतो. “ह्याच्याकडं पिस्तूल हाय. तुझा नुसता झाडाला लोंबकळतो.”

“लोंबकळतो, पण गोष्ट सांगतो. आन् राजाला छळतो. दर महिन्याला.”

“मग तो व्हिलनच झाला की बे!”

दोघे वर बघतात. रद्दीच्या दुकानात उकिडवं बसलेलं एवढं मोठं माणूस त्यांनी पाहिलेलं नसावं. “काका, तुम्हीच सांगा. छळणारा खरा का वाचवणारा?”

उत्तर तुम्हाला माहीत आहे. माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, हे ज्याचं वाक्य त्याच्याबद्दलच प्रश्न आहे. पोरांना गोष्टीचा शेवट ठाऊक नाही, कारण चांदोबात तो येतच नाही. पंचवीस गोष्टी कधीच उलटून गेल्या. राजा बोलतो, वेताळ झाडावर जातो, महिना संपतो. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं लिहून ठेवलेला शेवट तुम्ही पुढं कधीतरी वाचलाय.

“झाडावरचाच,” तुम्ही बोलून जाता. “राजाला प्रेत आणायला धाडणारा साधूच त्याचा बळी द्यायला बसलेला असतो. वेताळ शेवटी राजाला सावध करतो. साधू म्हणेल, साष्टांग नमस्कार घाल. तू म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी तू घालून दाखव. तो वाकला की—”

“की काय, काका? आन् मग त्या मोटरसायकलवाल्याला कोण—”

हॉर्न वाजतो. दुकानांच्या पाट्या पेटतात. आसरा चौकात रिक्षावाला मान बाहेर काढून तुमच्याकडे बघतोय, बहुतेक दुसऱ्यांदा विचारतोय.

“मालक, सैफुल का?”