कलम, ठसा, रूळ, जाळी : कापडछपाईच्या निवडीचा इतिहास

कपडे छापून देण्याचा व्यवसाय काढायचा म्हटले की तुम्ही आधी यंत्राची किंमत विचारता. जुना छिपी मात्र आधी विचारी : एकच नक्षी किती वेळा छापायची?

आंध्रातील कलमकारी पाहा. श्रीकालहस्ती येथे देवळांसाठी रामायण-महाभारतातील प्रसंगांचे पट लागत. प्रत्येक पट वेगळा, म्हणून कारागीर तो बांबूच्या कलमाने हाताने रेखाटी. मछलीपट्टणमचा माल मात्र समुद्रमार्गे इराणला जाई. तिथे तीच वेलबुट्टी पुन्हा पुन्हा हवी असे, म्हणून लाकडी ठशांचे काम वाढले. रंगांची रीत दोन्हीकडे बरीचशी सारखी : कापड हिरड्यात भिजवायचे, काळ्यासाठी लोखंडाचे पाणी, लालसाठी तुरटी. तुरटी लागलेल्या जागीच लाल रंग पक्का बसतो आणि धुतल्यावरही टिकतो. या टिकाऊपणामुळेच भारतीय चिटांनी युरोपची बाजारपेठ काबीज केली. तिथले विणकर हादरले आणि 1721 मध्ये इंग्लंडने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली.

ठशाला आधी खर्च करावा लागतो. गुजरातेत पेथापूरचे कारागीर सागवानात ठसे कोरतात. साधारणपणे नक्षीत जितके रंग, तितके ठसे. हाच हिशोब पुढे तांब्याच्या रुळाने फार मोठा केला. 1783 मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस बेलने कोरीव रुळाच्या छपाईचे पेटंट घेतले. रूळ कोरणे महाग, पण एकदा कोरला की हजारो वार कापड झपाट्याने छापून निघे. एकोणिसाव्या शतकात हा विलायती माल भारतातल्या बाजारात आला. किमतीत त्याला हरवणे ठसेवाल्याला शक्य नव्हते. तरी कच्छमधील अजरखचे छापणारे तगले, कारण मालधारी गिऱ्हाइकाला नेमकी तीच नक्षी हवी असे. पुढे कृत्रिम धाग्याच्या स्वस्त कापडाने तेही गिऱ्हाईक बरेचसे ओढून नेले. (चांगली छपाई नेहमी टिकतेच, असे समजू नका.)

जाळीची, म्हणजे स्क्रीनची, छपाई मधली वाट ठरली. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने 1907 मध्ये तिचे पेटंट घेतले. चौकटीला रुळाइतका खर्च नाही आणि छपाई ठशापेक्षा वेगाने होते. सौराष्ट्रातील जेतपूर याच छपाईच्या साड्यांनी नावारूपाला आले.

आता तुमची मागणी समोर ठेवा. नक्षी चार रंगांची, म्हणजे चार चौकटी. शर्ट पाचशे असतील तर हा खर्च प्रत्येक शर्टावर किरकोळ पडतो. वीसच असतील तर जड जातो. वीस जणांची वीस नावे छापायची असतील, तर तुम्ही पुन्हा श्रीकालहस्तीच्या कलमापाशी येता : तिथे आज डिजिटल छपाई लागते, कारण तिला चौकटच नको. मात्र कापड आधी तपासा. सब्लिमेशनचा रंग पॉलिएस्टरमध्ये मुरतो, सुतात टिकत नाही. आणि गडद सुती कापडावर इतर रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, त्याचा खर्च दर शर्टामागे वेगळा धरा.