परीक्षणकाल : सदोष वस्तू परत करण्याच्या हक्काचा इतिहास

नव्याने विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली तर तिचा तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न क्रयविक्रयाइतकाच जुना आहे. मोबाइल फोन, म्हणजेच भ्रमणध्वनी, ही त्या प्रश्नाची अगदी अलीकडची वस्तू होय. मोहोरबंद पेटीतून बाहेर काढलेला फोन दुकानात सुरळीत चालतो. आठ-दहा दिवसांनी तो तापू लागतो, त्याचा पडदा काळा पडतो किंवा विद्युत्घट फुगतो. ग्राहक म्हणतो, दोष मुळातच होता. विक्रेता म्हणतो, वापरण्यात चूक झाली. या वादात कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावयाचे, याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते : वस्तूची परीक्षा करण्यास ग्राहकाला किती अवधी मिळतो, आणि दोष सिद्ध करण्याचा भार कोणावर पडतो. भारतातील यासंबंधीच्या कायद्याचा इतिहास या दोन सूत्रांच्या आधारे पाहिल्यास असे दिसते की, ग्राहकाला हक्क मिळत गेले. परंतु सिद्धतेचा भार मात्र बव्हंशी त्याच्याच शिरावर राहिला.

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्रात 'क्रयविक्रयानुशय' हे एक स्वतंत्र व्यवहारपद मानलेले आहे. अनुशय म्हणजे व्यवहार झाल्यानंतर होणारा पश्चात्ताप. मनुस्मृतीने त्यासाठी सरसकट दहा दिवसांची मुदत दिली आहे. नारदाच्या मते घेतलेली वस्तू न पटल्यास ती त्याच दिवशी अविकृत स्थितीत परत करता येते. दुसऱ्या दिवशी परत केल्यास मूल्याचा तिसावा भाग आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट भाग सोडावा लागतो. त्यानंतर ती वस्तू ग्राहकाचीच. याज्ञवल्क्याने केलेली विभागणी याहून सूक्ष्म आहे. त्याने परीक्षेचा काळ वस्तुपरत्वे ठरविला : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरांस पाच, रत्नांस सात आणि दुभत्या जनावरांस तीन दिवस. दासदासींसाठीही त्याने पंधरवडा व महिना अशा मुदती सांगितल्या आहेत, ही गोष्ट त्या समाजव्यवस्थेचे स्वरूप विसरू देत नाही.

या भिन्न मुदतींमागील तत्त्व कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्पष्ट झालेले आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रा. र. पं. कंगले यांनी संपादिलेली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर व अभ्यास तीन भागांत प्रसिद्ध केला. त्यामुळे हा भाग आता अभ्यासकांना सहज उपलब्ध आहे. तिसऱ्या अधिकरणाच्या पंधराव्या अध्यायात व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन रात्री आणि गोपालकांस पाच रात्री अनुशयासाठी दिल्या आहेत. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला असून चतुष्पाद तीन पंधरवड्यांपर्यंत परत करण्याची मुभा आहे. याचे कारणही तेथेच दिले आहे : तेवढ्या काळात जनावराचा चांगलेवाईटपणा कळून येऊ शकतो. म्हणजे मुदत ही विक्रेत्याच्या सोयीने ठरत नाही. दोष प्रकट होण्यास लागणाऱ्या काळावरून ती ठरते. या ग्रंथांतील नियम प्रत्यक्ष व्यवहारात कोठे व किती पाळले गेले, हा वेगळा प्रश्न आहे. आणि त्यांत आधुनिक ग्राहकहक्कांचे मूळ शोधणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु वस्तूच्या स्वभावानुसार परीक्षणकाल ठरवावा, हा विचार त्यांत निःसंशय आहे.

ब्रिटिश अमदानीत आलेल्या कायद्याची घडण निराळी होती. 'ग्राहका, सावध' हे इंग्लंडच्या सामान्य कायद्याचे जुने सूत्र. १६०३ सालच्या 'चँडलर विरुद्ध लोपस' या खटल्यात एका सोनाराने प्राण्याच्या जठरात सापडणारा, विषावर उतारा समजला जाणारा खडा म्हणून एक दगड शंभर पौंडांस विकला होता. दगड खोटा असूनही, विक्रेत्याने स्पष्ट शब्दांत हमी दिली नव्हती म्हणून ग्राहकाचा दावा टिकला नाही. पुढे औद्योगिक क्रांतीनंतर वस्तू कारखान्यांतून येऊ लागल्या, तशी या सूत्रास अपवादांची जोड मिळत गेली, आणि १८९३ च्या इंग्रजी माल विक्रय कायद्यात ते अपवाद संहितेच्या रूपाने नमूद झाले. भारतात मालविक्रीचे नियम प्रथम १८७२ च्या करार कायद्याच्या सातव्या प्रकरणात होते. १९३० साली ते प्रकरण रद्द होऊन इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर स्वतंत्र माल विक्रय अधिनियम अमलात आला.

या अधिनियमाचे सोळावे कलम येथे महत्त्वाचे आहे. मालाचा दर्जा किंवा उपयुक्तता यांविषयी कोणतीही गर्भित हमी नसते, असे त्याचे प्रारंभीचे विधान. अपवाद त्यानंतर येतात. ग्राहकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असल्यास तो त्या हेतूस योग्य असला पाहिजे. आणि वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे. मात्र वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली असल्यास पहिला अपवाद लागू होत नाही; आणि ग्राहकाने माल तपासला असल्यास, त्या तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल दुसऱ्याचा आधार मिळत नाही. शिवाय बासष्टाव्या कलमाने हे सर्व गर्भित हक्क कराराने वगळण्याची मोकळीक दिली. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पावतीवरील ओळ मराठी ग्राहकाच्या इतक्या परिचयाची झाली, तिला या कलमाची पार्श्वभूमी आहे. परीक्षेसाठी दिवसांची मुदत या अधिनियमात नाही. 'वाजवी संधी' व 'वाजवी काळ' एवढेच शब्द आहेत.

गुप्त दोषाचा प्रश्न याच सुमारास न्यायालयांपुढे ठळकपणे आला. १९३२ च्या 'डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन' या निवाड्याने, करार नसतानाही, निष्काळजीपणामुळे अंतिम उपभोक्त्यास होणाऱ्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकली. १९३५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळी हिंदुस्थानचेही अंतिम असलेल्या न्यायपीठाने, ऑस्ट्रेलियातील एका खटल्यात लोकरी अंतर्वस्त्रांत राहून गेलेल्या रसायनामुळे झालेल्या त्वचारोगाबद्दल दुकानदार व कारखानदार या दोघांनाही जबाबदार धरले. डोळ्यांनी पाहून हा दोष कळणे शक्य नव्हते, हा त्यातील निर्णायक मुद्दा होता. तथापि उत्पादकावरील ही जबाबदारी इजेपुरती होती. वस्तूने कोणास अपाय केला नाही, ती केवळ निकामी ठरली, तर उत्पादकाकडे दाद मागण्यास या तत्त्वाचा उपयोग नव्हता. बहुतेक सदोष फोन याच दुसऱ्या वर्गात मोडतात.

दूरध्वनी हे यंत्र मात्र भारतात दीर्घकाळ 'विकत घेण्याची वस्तू' नव्हतेच. १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. पुढे दूरध्वनी सरकारी खात्याच्या हाती गेल्यावर घरातील यंत्र खात्याच्याच मालकीचे असे. ते बिघडले तर खात्याचा माणूस येऊन दुरुस्त करी, आणि तो येईपर्यंत वाट पाहणे एवढेच वर्गणीदाराच्या हाती असे. १९५७ च्या दुरुस्तीने तार अधिनियमात घातलेल्या ७-ब या कलमान्वये अशा यंत्रांविषयीचे वाद लवादाकडे सोपविले गेले. १९८० नंतरच्या दशकात यंत्रांच्या निर्मितीत खासगी उद्योगांस प्रवेश मिळाला, आणि ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले. भ्रमणध्वनीबरोबर यंत्र हे ग्राहकाचे, सेवा ही कंपनीची, अशी फारकत पूर्ण झाली. जुन्या कलमाची सावली सेवाविषयक तक्रारींवर पुढेही राहिली : २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमामुळे दूरध्वनीसेवेच्या तक्रारी ग्राहक मंचाच्या कक्षेबाहेर ठरविल्या, आणि २०२२ च्या निवाड्याने तो अडसर दूर झाला. दुकानातून घेतलेल्या यंत्रातील दोष मात्र सर्वस्वी मालविक्रीचा विषय बनला.

यंत्र बाजारात येण्यापूर्वीच ग्राहकासाठी नवा कायदा तयार झालेला होता. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या संदेशात सुरक्षितता, माहिती, निवड आणि म्हणणे ऐकले जाणे असे ग्राहकाचे चार हक्क मांडले. भारतातील संघटित चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८४ साली मक्तेदारीविषयक अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथांचा समावेश झाला. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली.

या अधिनियमाने तीन बाबतींत जुनी चौकट मोडली. 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत गुण, प्रमाण, शुद्धता व दर्जा यांतील कोणतीही उणीव आली, आणि व्यापाऱ्याने दर्शविलेल्या दर्जाचाही त्यात समावेश झाला. 'व्यापारी' या संज्ञेत उत्पादकाचा अंतर्भाव होऊन त्याच्याशी थेट करार नसल्याची अडचण दूर झाली. आणि दोष काढून टाकणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे व भरपाई देणे असे चार उपाय त्रिस्तरीय मंचांच्या हाती आले. साध्या माणसाला वकिलावाचून दाद मागता यावी, हा त्यामागील हेतू होता.

तथापि दोष सिद्ध कसा करावयाचा, हा प्रश्न सुटला नाही. योग्य विश्लेषणावाचून दोष ठरविता येत नसेल तर वस्तूचा नमुना मोहोरबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि तिने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद तेराव्या कलमात होती; पण तपासणीची फी प्रथम तक्रारदाराकडून भरून घेण्याची मुभाही त्याच कलमात होती. धान्य किंवा तेल यांच्या भेसळीस ही रीत शोभते. काही हजार रुपयांच्या फोनसाठी ती सहसा परवडत नाही. मग ग्राहकाच्या हाती पुरावा उरतो तो दुरुस्ती केंद्राने दिलेल्या जॉबशीटचा. आणि ते केंद्र असते उत्पादकाचे अथवा त्याने नेमलेले. फोनमध्ये पाणी गेले होते, असा शेरा त्या कागदावर पडला की तो खोडून काढण्याचे काम ग्राहकाचे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच तज्ज्ञाचे मत हा मुख्य पुरावा, अशी ही विपरीत स्थिती होय. लेखी हमीची मर्यादाही आड येते. २००६ साली नव्या मोटारगाडीच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने, हमीपत्रात सदोष भाग बदलून देण्याचेच बंधन असल्यामुळे, संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. अशा वेळी उपायाची व्याप्ती उत्पादकाने स्वतः लिहिलेल्या मजकुराने आखली जाते.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या नव्या अधिनियमाने काही पावले पुढे टाकली. ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. दूरस्थ पद्धतीने झालेल्या खरेदीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीसाठी उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय तरतूद अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत आहे. सदोष माल परत घेऊन किंमत देण्यास नकार देणे ही आता अनुचित प्रथा ठरते. त्यासाठीची मुदत पावतीत नमूद असेल ती, आणि नसेल तर तीस दिवस. 'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ सदोष मालापुरती त्यामुळे निराधार झाली, आणि दिवसांत मोजलेला परीक्षणकाल प्रथमच या देशाच्या आधुनिक कायद्यात आला. पण या मुदतीचा आधार कौटिल्याच्या मुदतीहून वेगळा आहे. पावतीवरील मुदत प्रथम, आणि पावती लिहितो विक्रेता; दोष प्रकट होण्यास किती काळ लागतो, याचा विचार तीत नाही.

युरोपातील कायद्याने हाच प्रश्न सिद्धतेच्या भाराच्या बाजूने सोडविला. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने, माल हाती आल्यापासून सहा महिन्यांत उघड झालेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले. तो तसा नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करावयाचे. २०१९ च्या नव्या निर्देशाने हा काळ एक वर्षाचा केला. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात माल नाकारण्यास तीस दिवसांचा अवधी आहे, आणि दुरुस्ती व बदलीच्या हक्कासाठी सहा महिन्यांचे तसेच गृहीतक आहे. 'ग्राहका, सावध' हे सूत्र ज्या भूमीत रुजले, तेथेच ते असे उलटविले गेले. भारताच्या २०१९ च्या अधिनियमात मालाच्या दोषाविषयी असे कालबद्ध गृहीतक नाही.

१९३० चा कायदा डोळ्यांनी पाहता येणाऱ्या मालाचा विचार करून रचलेला होता. बाजारात बैलाचे दात पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्यात काही अर्थ होता. मोहोरबंद पेटीतील फोनपुढे तो शेतकरी आणि विद्यापीठाचा अध्यापक सारखेच अनभिज्ञ असतात. यंत्राची अंतर्गत रचना एकट्या उत्पादकालाच ठाऊक असते. म्हणून दोष नव्हता हे दाखविणे त्याला जितके सोपे, तितकेच दोष होता हे दाखविणे ग्राहकाला कठीण असते. अधिनियमातील चार उपाय फोनच्या ग्राहकाला खऱ्या अर्थाने उपलब्ध व्हावयाचे असतील, तर वस्तूच्या स्वभावास अनुरूप परीक्षणकाल ठरविणे आणि त्या काळापुरता सिद्धतेचा भार उत्पादकावर टाकणे, या दोन सुधारणा कायद्यात होणे आवश्यक आहे. यांपैकी पहिलीचे तत्त्व या देशाच्या व्यवहारशास्त्राला अपरिचित नव्हते. दुसरीचा अनुभव युरोपातील देशांनी दोन दशकांहून अधिक काळ घेतलेला आहे.