पी.टी.चे दोनशे रुपये

अंबरनाथच्या बुवापाड्यातून भल्या सकाळी आनंदनगर एमआयडीसीकडे निघणाऱ्या कंत्राटी कामगाराला ठेकेदार पगारचिठ्ठी देत असेल, आणि हा 'असेल' बराच मोठा आहे, तर तिच्या कपातीच्या रकान्यात पी.एफ. आणि ईएसआयच्या खाली 'पी.टी.', म्हणजे व्यवसाय कर, अशी आणखी एक ओळ दिसते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीनंच काय घोडं मारलंय, हे सहसा कुणी सांगत नाही. कारण साधं आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० घेतले की बेरीज नेमकी २,५०० होते. ही मर्यादा आधी २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं ती दसपट झाली आणि तिथेच थांबली.

महाराष्ट्रानं हा कर लावला १९७५ मध्ये, आणि त्यामागे एक ठरावीक काम होतं: रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणं. गावातल्या मजुरानं काम मागितलं तर ते द्यायचं, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदारानं उचलायचा. करातून जेवढे येतील साधारण तेवढेच राज्यानं आपल्या खिशातून घालायचे. याच कामासाठी विमको नाक्यावरच्या एखाद्या दुकानाच्या घरपट्टीतही, शिक्षण कराच्या शेजारी, 'रोजगार हमी कर' अशी ओळ असते. राहत्या घराला तो लागत नाही, दुकानाला लागतो. म्हणजे बुवापाड्यातला माणूस दोन वाटांनी ही वर्गणी भरतो: एकदा पगारातून, एकदा ज्या दुकानातून मीठ-तेल घेतो त्या दुकानाच्या गल्ल्यातून. महिन्याचा पगार १०,००० च्या आत असेल तर कपात कमी किंवा शून्य. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे.

आता हा माणूस उद्या कामावरून कमी झाला, तर ज्या हमीसाठी तो पैसे भरत होता ती हमी त्याला मागता येत नाही. ती ग्रामीण भागापुरती आहे, आणि मूळ महाराष्ट्र कायद्यानं तिला फार तर 'क' वर्गाच्या लहान नगरपालिकांपर्यंत येऊ दिलं. २०११ च्या जनगणनेत अडीच लाखांवर लोकसंख्या असलेलं अंबरनाथ त्यात बसत नाही. ही विचित्र व्यवस्था कुठून आली, हे पाहायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हा सरकारी दुष्काळी कामं निघाली. रस्ते, तलाव, खडी फोडणं. पण कामावर फार लोक येऊ नयेत याची चिंता सरकारला भुकेपेक्षा जास्त होती. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. गावाजवळची कामं बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर हलवण्याचा हुकूम झाला. विचार असा होता की जो खरोखर मरायला टेकलाय तोच एवढ्या लांब, एवढ्या कमी मजुरीवर येईल. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याला उत्तर दिलं ते कामावरून उठून. लाखाच्या घरात माणसं कामं सोडून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागोजाग माणसं धाडून हकिगती गोळा केल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. उपाशी माणसाचा संप, हा प्रकार सरकारच्या कल्पनेबाहेरचा होता.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळ निवारणाचे नियम, लिहिले गेले. त्यांत काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं, पण ते कधी द्यायचं हे सरकारनं ठरवायचं. दुष्काळ जाहीर झाला तर काम. नाही झाला तर भूक तुमची तुम्ही निस्तरा. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी त्याच कोडातली कलमं 'केसरी'तून आणि पत्रकांतून शेतकऱ्यांना समजावून सांगितली. सरकारनं स्वतः लिहून ठेवलेलं मागायला लाजू नका, भिऊ नका, असा त्यांचा रोख होता. कामाच्या मागणीला कागदाचा आधार मिळाला तो तेव्हा. आजच्या रोजगार हमीतला 'मागणी' हा भाग मला या दोन प्रसंगांचा वारसा वाटतो, सरकारी योजनांचा कमी.

मधली साठ-सत्तर वर्षं वेगानं ओलांडतो. दुष्काळ येत राहिले, कामं निघत राहिली, पाऊस पडला की हजेरीपट गुंडाळले जात राहिले.

१९६५ मध्ये विठ्ठल सखाराम पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे एक कल्पना मांडली. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. गाव तासगाव तालुक्यातलं विसापूर. या कल्पनेचं मूळ त्यांच्या घरच्या शेतातल्या मजुरीच्या हिशेबात असल्याचं सांगितलं जातं: काही शे रुपयांत इतक्या माणसांना इतके दिवस काम मिळतं, तर राज्यानं काही कोटी घातले तर किती जणांना मिळेल? त्रैराशिक शाळेतलं, पण ते मांडायला सभापतीच्या खुर्चीवरचा माणूस लागला. तासगाव भागातल्या अकरा गावांत प्रयोग झाला. जो येईल त्याला काम. फॅमिन कोडाचा पायाच इथे उलटा झाला होता, कारण दुष्काळ जाहीर व्हायची वाट पाहायची नव्हती. हंगाम नसतानाची रोजची बेकारी हीच आपत्ती धरायची होती.

१९७२ मध्ये योजना राज्यभर सुरू व्हायला आणि महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडायला एकच गाठ पडली. योजना बाजूला राहिली आणि दुष्काळी कामांनी सारं व्यापलं. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणाऱ्या बायकांची ती चित्रं अजून मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. नालाबांध, पाझर तलाव, बंडिंग, रस्ते, आणि मस्टरवर नाव लागलं का म्हणून मुकादमाच्या मागेपुढे करणं. त्याच वर्षांत कित्येक कुटुंबांनी गाव सोडून मुंबई, ठाणे, कल्याणची वाट धरली. गावात काम मिळालं तर हे लोंढे थांबतील, म्हणून शहरी प्रतिनिधींनी नव्या कराला फार विरोध केला नाही, असं अभ्यासकांनी लिहिलं आहे. मला ते पटतं. दानत होती, पण दानतीला हिशेबाची जोड होती.

१९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तो आजही वाचण्यासारखा आहे. प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता. सुरुवातीला तो दिवसाला एक रुपया होता, म्हणजे रकमेपेक्षा कबुलीला किंमत होती. बाई आणि बाप्याला दर सारखा. कामावर पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर. त्या काळी शेतात बाईची मजुरी पुरुषाच्या निम्मी-पाऊण असायची, त्यामुळे या एका कलमानं कामावर बायकांची रांग लागली. अडचणीही होत्याच: नवं काम काढायला पन्नास मजूर जमावे लागत, मोजमापाला ओव्हरसिअर वेळेवर येत नसे, मस्टरवर खोटी नावं चढत. तरीही 'काम दे, नाहीतर भत्ता दे' असं गरीब माणूस तहसीलदाराला कायद्यानं म्हणू शकतो, हे जगात फार ठिकाणी नव्हतं. २००५ चा केंद्राचा कायदा, म्हणजे मनरेगा, याच मुळावर वाढला, घरटी वर्षाला १०० दिवस. त्यापुढचे दिवस महाराष्ट्र आपल्या पैशातून देत राहिला. 'नमुना चार' भरून काम मागायचं हे राज्यातल्या ग्रामपंचायतींत माहितीचं झालं.

शहराला यातलं काहीच का नको होतं? अंबरनाथकडे पाहिलं की उत्तर मिळतं. विमको १९२३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या आगपेटीच्या कारखान्याभोवती गावाचं रूप बदललं. आयुध निर्माणी आली, १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली, शेजारी उल्हासनगरात निर्वासितांनी छोटे कारखाने थाटले, १९६२ नंतर एमआयडीसी आली. शहरात आलेला माणूस आज ना उद्या कायम होणारच, असं १९७५ च्या कायदेकर्त्यांनी गृहीत धरलं. बदली कामगार म्हणून लागायचं, पाच-सात वर्षांत कायम व्हायचं, मुलाला चिकटवायचं. हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं, पण डोळ्यांसमोर होतं. त्यामुळे शहरी माणूस कर भरणारा ठरला आणि गावचा माणूस काम मागणारा.

हे गृहीतक हळूहळू कोसळलं. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० मध्येच झाला, पण त्यानं कंत्राट थांबलं नाही, नियमात बसलं. विमको २००५ मध्ये आयटीसीकडे गेली. आज विमको म्हटलं की लोकांना नाका आठवतो. आयुध निर्माण्यांचं मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडून सात कंपन्या झाल्या. घरात एकाची तरी कायम नोकरी, या आधारावर चालणारी वस्ती आता ठेकेदाराचा फोन, नाक्यावरची रोजंदारी, चार घरची धुणीभांडी आणि घरी आणलेलं पॅकिंगचं काम यांच्या बेरजेवर चालते. त्यातलं एक निखळलं की शाळेची फी आणि खोलीचं भाडं दोन्ही डळमळतात. दवाखान्याची वेळ आली तर सावकार.

महाराष्ट्राकडे शहरासाठीही एक अस्सल तोड होती, हे इथे सांगायला हवं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला १९६९ चा माथाडी कायदा. मालक रोज बदलतो, तरी कामगाराची नोंद मंडळाकडे. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळानं पगार, भविष्यनिधी, बोनस, औषधोपचार सांभाळायचं. कायम मालक नसतानाही कायमपणा येऊ शकतो, हे या कायद्यानं दाखवलं. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये तसाच कायदा झाला. घरकामगारांसाठी २००८ मध्ये कायदा झाला तेव्हा मात्र मंडळ राहिलं आणि लेव्ही गळाली. बांधकाम मजुरांच्या मंडळाकडे उपकराचा पैसा आहे, पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज वेगळ्या माणसाच्या टेम्पोत चढणाऱ्यानं तो कुणाकडून आणायचा?

केंद्राच्या शहरी योजनांची यादी लांब आहे: १९८९ ची नेहरू रोजगार योजना, १ डिसेंबर १९९७ ची सुवर्णजयंती, पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान, २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी. सगळ्यांचा सूर एक. बचत गट करा, शिवणकाम शिका, कर्ज घ्या, धंदा टाका. बचत गटांनी बायकांना बँकेच्या दारात उभं केलं, हे खरं आणि मोठं. पण कर्ज फेडायची जबाबदारी कुटुंबाची आहे. पंधरा दिवसांची मुदत आणि ती चुकली तर भत्ता, असं सरकारच्या अंगावर येणारं यात काही नाही. गावच्या गरिबाला हक्क आणि शहरी गरिबाला हप्ता, अशी ही वाटणी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस १०० चे १२५ झाले, आणि 'ग्रामीण' हा शब्द नावातच राहिला.

दुसऱ्या राज्यांनी वेगळं करून पाहिलं आहे. केरळनं अय्यंकालींच्या नावानं शहरी रोजगार हमी २०१० च्या सुमारास आणली. राजस्थाननं सप्टेंबर २०२२ मध्ये इंदिरा गांधी शहरी रोजगार गॅरंटी सुरू केली, आणि २०२३ मध्ये दिवस १०० वरून १२५ वर नेले. जॉबकार्ड नगरपालिकेचं, काम आपल्याच शहरातलं: नाले, झाडं, कचरा, तलाव.

शहरात देण्यासारखं काम नसतं, हा आक्षेप अंबरनाथमध्ये टिकत नाही. शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरकडे जाणारी वालधुनी रसायनांनी आणि गाळानं भरलेली आहे. दर पावसाळ्याआधी नालेसफाई लागतेच. ती होतेही, पण निविदा निघते, ठेका दिला जातो, आणि ठेकेदार आपल्या ओळखीच्या मुकादमाकडून माणसं उचलतो. बुवापाड्यातला एखादा त्या टोळीत असतोही. काम तेच, नाला तोच, पैसा नगरपालिकेचाच. फक्त ते मागायला त्यानं जायचं ते मुकादमाच्या घरी, नगरपालिकेच्या खिडकीवर नाही.