एका गोळ्याचा फरक

परीक्षेच्या संध्याकाळी लातूरच्या आमच्या खोलीवर डबे तसेच बंद पडून असायचे. 'की आली का?' एवढंच चालायचं. आली, की एक जण मोठ्यानं वाचायचा: एकला तीन, दोनला एक, तीनला चार. बाकीचे आपापल्या प्रश्नपत्रिकेवर टिक नाहीतर फुली मारत जायचे. मी नांदेडचा. क्लास तिकडेही भरपूर, पण घरच्यांनी लातूरच ठरवलं होतं.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर धाकट्या भावाच्या खोलीसाठी मी हेच काम करणारी छोटीशी लायब्ररी लिहिली. उत्तरांची एक यादी, कीची दुसरी, क्रमाक्रमानं जुळवायची. वाटलं, पाच मिनिटांचं काम! पण जावास्क्रिप्टमध्ये तंतोतंत सारख्या दोन याद्या समोरासमोर ठेवून 'या सारख्या का?' विचारलं, तर उत्तर 'नाही' असं येतं. ती भाषा आतले आकडे बघतच नाही, यादी तीच एक आहे का एवढं बघते. पायथन आतले आकडे बघतो, पण शेवटी एकच हो किंवा नाही सांगतो. मला तर प्रत्येक प्रश्नाचा वेगळा हो-नाही हवा होता, म्हणून पायथनमधलं झिप वापरून जोड्या लावल्या.

भावानं पहिलीच टेस्ट तपासली आणि गुण निम्म्याहून खाली आले. अर्धा तास तो फोनवर बोलेना. मग सापडलं: 47वा प्रश्न त्यानं सोडला होता आणि उत्तरं टाइप करताना तिथे रिकामी जागा ठेवली नव्हती. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक घर वर सरकलं. झिप छोटी यादी संपली की गप्प थांबतं, तक्रार करत नाही. लांबी आधी तपासायला हवी होती. चूक माझीच. ओएमआरवर प्रश्न सोडून त्याची ओळ न सोडणाऱ्या पोराचंही हेच होतं. फक्त तिथे कुणी मागे जाऊन शोधत नाही.

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञानं 1914च्या सुमारास शिक्षकांच्या गुणदानातली तफावत मांडली. तोच निबंध, दोन मास्तर, दोन वेगळे गुण. त्यावर उपाय म्हणून त्यानं 1915च्या कॅन्सस वाचन-चाचणीत असे प्रश्न घातले, ज्यांचं बरोबर उत्तर एकच असेल. तपासणाऱ्याचं मत बाजूला, उरली फक्त की. ओएमआरच्या आधीचं यंत्र आलं ते रेनॉल्ड जॉन्सन या विज्ञानशिक्षकामुळे. लहानपणी हा पोरगा लोकांच्या गाड्यांच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा मारून गाड्या बंद पाडायचा, कारण शिशातून वीज वाहते. तीच खोडी त्यानं पेपर तपासायला लावली. कंपनी आयबीएम, यंत्राचं नाव 805, काळ 1930च्या दशकाचा शेवट. पेन्सिलीच्या खुणांमधून वाहणारी वीज एकत्र व्हायची आणि काटा थेट गुण दाखवायचा. माझ्या प्रोग्रॅमसारखं एकेक करून नाही, सगळं एका दमात. (याच माणसाच्या नेतृत्वाखाली पुढे आयबीएमची पहिली हार्ड डिस्क बनली.)

लातूरनं हे यंत्र काही शोधलं नाही. लातूरनं त्याच्यासाठी पोरं तयार केली. 1970मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय निघालं. त्याचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे 1994मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हणतात त्याचा गाभा साधा आहे: सोडव, ताडून बघ, चुकलेलं परत सोडव. दुष्काळी भागातल्या पोराला मोठ्या शहरातल्या पोराच्या बरोबरीला आणायला हे पुरेसं ठरलं, हे मी स्वतः बघितलंय. ओएमआरला आडनाव कळत नाही, हा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो.

पण की माणसंच लिहितात. 5 मे 2024च्या नीटमध्ये अणूवर दोन विधानांचा एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत 'प्रत्येक' मूलद्रव्याचे अणू स्थिर असं होतं, नव्या आवृत्तीत 'बहुतेक' झालं. त्यामुळे पर्याय दोन आणि पर्याय चार, दोन्हींना गुण दिले गेले. 720 पैकी 720 घेणारे 67 निघाले, त्यातल्या 44 जणांचे पूर्ण गुण या एकाच प्रश्नावर टेकले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी चारच बरोबर असं सांगितलं आणि 23 जुलैला न्यायालयानं ते मान्य केलं. दोन लिहिणाऱ्याचे चार गुण गेले, वर चुकीचा एक वजा. मधल्या काळात सहा जणांचे वाढीव गुणही रद्द झाले होते. शेवटी पूर्ण गुणांचे 17 उरले.

दोन लिहिणारा प्रत्येक जण काही ठोकताळ्यानं खेळला नव्हता. आमच्याकडे पुस्तक दादाचं ताईला, ताईचं शेजारच्याला असंच फिरतं. आवृत्तीचं साल कोण बघतं?

माझ्या लायब्ररीत त्या प्रश्नाची नोंद आधी 'दोन किंवा चार' अशी करावी लागली होती. म्हणजे सारखं असणं सोडून 'यापैकी एक' असं तपासायचं. त्या रात्री मी फाइल उघडली, कंसातला दोन खोडला आणि खोलीवरच्या सगळ्यांची उत्तरं पुन्हा चालवली. भावानं चार लिहिलं होतं, त्याच्या गुणांत फरक पडला नाही. शेजारच्या कॉटवरच्या मुलाचे पाच कमी झाले. त्याच्याकडचं फिजिक्सचं पुस्तक माझंच होतं.